नामनिर्देशन माझ्या नावाने आहे. म्हणून घर माझे झाले का?

थोरला (प्रश्न)

माझे वडील गेल्या वर्षी गेले. आम्ही राहतो ती सदनिका त्यांनी स्वतःच्या कमाईतून, एकट्याच्या नावाने घेतली होती. मृत्युपत्र त्यांनी केले नाही. सोसायटीत भरून दिलेल्या नामनिर्देशनाच्या अर्जात मात्र त्यांनी माझे एकट्याचे नाव लिहिले असून त्यापुढे 'शंभर टक्के' असे त्यांच्या वळणदार अक्षरात आहे. आई आमच्याजवळ राहते. धाकटी बहीण लग्न होऊन दुसऱ्या शहरात आहे आणि तिच्याहून धाकटा भाऊ परदेशात नोकरीला आहे.

सोसायटीच्या चिटणीसांनी मला बोलावून सांगितले की, मृत्यूचा दाखला, अर्ज आणि हमीपत्र आणून द्या, पुढच्या बैठकीत भागपत्राच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागे तुमचे नाव चढवून टाकू, म्हणजे घर तुमचे झाले. बहिणीने दिवसकार्य आटोपल्यावर निघताना, दारात चपला घालता घालता, "दादा, मला यातले काही नको, आईकडे नीट बघ," एवढे म्हटले होते. भाऊ फोनवर "तू ठरवशील ते मान्य" म्हणतो. आईचे म्हणणे असे की, एवढे सगळे म्हणत आहेत तर नाव लावून मोकळा हो, उगाच कागदांचा घोळ घालू नकोस.

मी मोकळा होऊ शकत नाही, याचे कारण थोडे विचित्र आहे. हे प्रकरण माझ्या इतके सोयीचे झाले आहे की मला त्याचीच शंका येते. वडिलांनी तो अर्ज भरला तेव्हा मी समोर होतो. त्यांनी चिटणीसांना विचारले, "कोणाचे नाव लिहू?" चिटणीस म्हणाले, "जो इथे राहतो त्याचे लिहा, म्हणजे नंतर धावपळ नको." या दोन वाक्यांत बहीण-भावाला वगळण्याचा विचार वडिलांनी केला असेल, असे मला मनापासून वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरावरच्या कर्जाचे शेवटच्या सहा वर्षांचे हप्ते माझ्या खात्यातून गेले आहेत. वडिलांच्या आजारपणाची चार वर्षे माझ्या पत्नीने नोकरी सांभाळून काढली. तिचे म्हणणे असे की, ज्यांनी रात्री जागवल्या आणि ज्यांनी सणाला फोन केले त्यांचा हिस्सा सारखाच कसा? तिला चूक ठरवणे मला जमत नाही.

तेव्हा जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. नामनिर्देशनाने मी मालक होतो का? बहीण तोंडाने 'नको' म्हणाली असताना तिच्याकडून तेच लिहून मागणे हा तिचा अपमान ठरेल का? आणि हप्ते व सेवा यांचे मोल हिश्श्यात धरावे का? कायदा आणि वैयक्तिक मत, दोन्ही हवे आहे.

माजी चिटणीस

आमच्या सोसायटीचे दप्तर मी अकरा वर्षे सांभाळले, त्यामुळे तुमच्या चिटणीसांची बाजू मला ठाऊक आहे. ते खोटे बोलत नाहीत. ते फक्त स्वतःपुरते बोलत आहेत. सोसायटीला देखभालीची बिले कोणाच्या नावाने काढायची, सभेची नोटीस कोणाला द्यायची आणि मत कोणाचे मोजायचे, एवढ्यापुरता एक माणूस हवा असतो. सभासद गेला की तो माणूस नामनिर्देशनाच्या नोंदवहीत सापडतो. 'घर तुमचे झाले' हे वाक्य मात्र त्यांनी स्वतःच्या पदरचे जोडले आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. त्यातले कलम १५४ब-१३ वाचा. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क कशाच्या आधारे हस्तांतरित करायचा हे तिथे सांगितले आहे : मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारसांनी आपसांत केलेली कौटुंबिक व्यवस्था किंवा नामनिर्देशन. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की, नामनिर्देशित व्यक्तीला संस्थेने 'तात्पुरता सभासद' म्हणून घ्यायचे, आणि तेही कायदेशीर वारस सभासद म्हणून दाखल होईपर्यंतच. माझ्या काळात हे कलम नव्हते, त्यामुळे आम्हीसुद्धा तुमच्या चिटणीसांसारखेच बिनधास्त नावे चढवत होतो. त्यातली दोन प्रकरणे पुढे न्यायालयात गेली आणि मला जुन्या नोंदवह्या काखोटीला मारून साक्षीला जावे लागले.

भागपत्र तुम्ही उलटून पाहिले आहे का? मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो : तारीख, क्रमांक, नव्या सभासदाचे नाव, आणि शेवटी अध्यक्ष, चिटणीस व एका समिती सदस्याची सही. लोकांना वाटते की त्या चार बोटांच्या रकान्यात नाव आले म्हणजे राजाची सनद मिळाली. ती सभासदत्वाची नोंद आहे. उद्या घर विकायला काढलेत तर खरेदीदाराचा वकील आणि कर्ज देणारी बँक तो रकाना पाहून मान डोलावतील आणि लगेच विचारतील, "बाकीच्या वारसांची हक्कसोडपत्रे कुठे आहेत?"

माझे मत असे की तात्पुरते सभासद आजच व्हा, त्यात गैर काही नाही. अर्जातच स्वच्छ लिहा की हा अर्ज नामनिर्देशित म्हणून असून वारसांचे हक्क अबाधित आहेत. ते एक वाक्य तुमच्या बहीण-भावाला पाठवून दिलेत तर पुढचे बोलणे निम्मे सोपे होईल. आणि हमीपत्रावर सही करताना ते वाचा. 'कोणीही दावा केल्यास त्याची सर्व जबाबदारी माझी' असे तुम्ही त्यात लिहून देत असता.

कलमकसाई

पेशाने वकील आहे. कागद पाहिल्याशिवाय सल्ला देत नसतो. सर्वसाधारण स्थिती तेवढी सांगतो.

नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्तासारखी असते, हे आपल्याकडे नवे नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या निकालात ते केव्हाच सांगितले. सहकारी सोसायटीतील घराबाबत २०१६ चा इंद्राणी वाही निकाल अनेकदा अर्धवट सांगितला जातो. पश्चिम बंगालच्या कायद्यावरील त्या निकालात सोसायटीने नामनिर्देशन मानलेच पाहिजे असे म्हटले आहे, परंतु मालकीचा प्रश्न वारसांना वेगळा चालवता येईल हेही त्यातच आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात, कंपन्यांच्या समभागांच्या संदर्भात, न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे.

आपण हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कक्षेत येता असे धरून चालतो. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र नाही, म्हणजे कलम ८ लागू. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो दर आठवड्याला माझ्यासमोर येऊन बसतो. '२००५ च्या दुरुस्तीने मुलींना हक्क मिळाला, आमचे तर त्याआधीचे घर' असे लोक म्हणतात. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेसंबंधी होती. बापाने स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्राविना मागे ठेवलेल्या मालमत्तेत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीने वारस आहे. तुमच्या बहिणीला तिचा हिस्सा कोणी 'द्यायचा' नसून तो वडील गेले त्या क्षणी तिचा झाला आहे.

म्हणूनच दारात म्हटलेल्या 'नको' ने तो जात नाही. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. नोटरीसमोर केलेले 'ना हरकत' प्रतिज्ञापत्र सोसायटीच्या फायलीत शोभून दिसते, त्याने मालकी हलत नाही. भाऊ परदेशात आहे. तो भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार इथल्या कोणाला देणारा कागद, करू शकतो, मात्र ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत हमखास चुकते.

हप्त्यांबद्दल : हप्ते भरल्याने घराची मालकी येत नाही. वडिलांच्या हयातीत भरलेले हप्ते ही मुलाने केलेली मदत मानली जाण्याचा संभव मोठा. त्यांच्या पश्चात भरलेले मात्र सर्व वारसांच्या डोक्यावरचे कर्ज तुम्ही एकट्याने फेडले असे होते, आणि त्यातला इतरांचा वाटा मागणे रास्त आहे. सेवेला कायद्याच्या तराजूत वजन नाही. वडिलांना ते वजन द्यायचे असते तर मृत्युपत्राचा एक कागद पुरला असता.

एक प्रश्न, आणि तो कोणी विचारत नाही. आपल्या वडिलांची आई हयात आहे का?

माहेरवाशीण

मी वकील नाही. मी अशी बहीण आहे जिने सही केली. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

माझ्याकडून सही दोनदा घेतली गेली. पहिल्यांदा वडील हयात असताना, माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, एका कागदावर 'मला घरात हक्क नाही' असे लिहून. पुढे कळले की त्या कागदाला रद्दीइतकीच किंमत होती, कारण माणूस जिवंत असताना त्याच्या मालमत्तेत वारसाला मिळण्यासारखे काही नसते, फक्त आशा असते, आणि आशा कोणाला लिहून देता येत नाही. दुसऱ्यांदा वडील गेल्यावर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. भावाने फोनवर सांगितले होते की सोसायटीचे काहीतरी काम आहे, अर्ध्या तासात होईल. तिथे गेल्यावर अंगठा यंत्रावर ठेवला, कॅमेऱ्यात बघायला सांगितले, आणि पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे न बघता विचारले, "स्वखुशीने देताय ना?" मी हो म्हणाले. रांगेत माझ्यामागे दहा माणसे होती आणि शेजारी भाऊ उभा होता. त्या जागी नाही कोण म्हणेल? कागद मी घरी येऊन वाचला. त्यात 'कोणताही मोबदला न घेता' असे होते. मोबदला मला नकोच होता. पण हे वाक्य भावाने मला आधी वाचून दाखवायला हवे होते.

तुम्ही विचारता की लिहून मागणे हा अपमान होईल का. माझा अपमान मागण्याने झाला नाही. मला आधी न सांगण्याने झाला. तुमची बहीण दारात चपला घालताना जे बोलली ते चौदाव्या दिवशी बोलली आहे. त्या दिवसांत आपण सगळेच थोर असतो. त्या वेळी तिला कोणी सांगितले होते का की घराचा इतका इतका भाग आज तुझा आहे, त्याची बाजारातली किंमत साधारण एवढी होते, आणि तू 'नको' म्हणतेस ते याला? आकडा ऐकल्यावरही ती 'नको' म्हणाली तर त्या नकाराला अर्थ आहे. आकडा न सांगता घेतलेला नकार म्हणजे तुम्ही तिचा मोठेपणा परस्पर खर्च केल्यासारखे आहे.

तेव्हा तिला पत्र लिहा, फोन नको. फोनवर नवरा शेजारी असतो, स्वयंपाक चालू असतो, आणि माणूस पटकन 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. पत्रात सगळे लिहा : वारस कोण, हिस्सा किती, कर्ज किती फेडले, तुमच्या मनात काय आहे. आणि तिला वकील करायचा असेल तर जरूर करावा, हेही लिहा. माझ्या भावाने एवढे केले असते तर मी तीच सही हसत केली असती, हे आज अकरा वर्षांनीही सांगते.

आता तुमच्या पत्नीबद्दल. तिच्या बाजूने मी आहे, तरीही सेवेचा हिशेब घराच्या हिश्श्यात वळता करू नका असेच सांगेन. हप्त्यांचा जरूर करा, कारण हप्त्याला पासबुक आहे. सेवेला पासबुक नसते, मग प्रत्येक जण आपापली नोंद काढू लागतो : मी परीक्षा सोडून आले होते, मी औषधांचे पैसे पाठवले होते, मी पंधरा दिवस राहून गेले होते. तुमच्या पत्नीला हवी आहे ती कबुली. ती बहिणीने आणि भावाने तिच्या तोंडावर, तुमच्या आईच्या देखत द्यायला हवी. ती मिळाली नाही म्हणून ती चौरस फुटांत मागितली जाते.

सायंकाळ

वय ७४. मी दुसऱ्या टोकाला बसलो आहे, म्हणजे ज्याच्या घराची वाटणी होते त्या टोकाला. वरच्या चर्चेत तुमच्या आईसाहेबांचा हिस्सा कोणीच मोजलेला नाही, हे मला खटकले. त्याही वारस आहेत, आणि 'नाव लावून मोकळा हो' असे म्हणणारी आई बहुधा आपण काय सोडतो आहोत याचा विचार करत नसते. तिला घरातली शांतता हवी असते.

माझे स्पष्ट मत : बहीण-भावाकडून हक्कसोड घ्यायचे तर घ्या, पण आईकडून घेऊ नका. त्यांचा हिस्सा त्यांच्या नावावर राहू द्या. तुम्ही सज्जन आहात हे लिहिण्यावरून दिसते, पण तुमचे आयुष्य तुमच्या हाती नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर आईसाहेब कोणाच्या घरात राहतील?

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, त्याने दिलेले घर परत मिळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पुरते खरे नाही. सांभाळण्याची अट घालून दिले असेल आणि ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, आणि तिथे आईने केलेले हक्कसोडपत्रच होते. आईने मुलांना हक्क सोडून दिला, पण अट कुठे दिसत नव्हती, म्हणून तिला ते परत मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ अधिक उदारपणे लावला आणि घराचा ताबाही परत देववला, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथेही सांभाळ करण्याचे लेखी वचन होते. म्हाताऱ्या माणसाने उपविभागीय अधिकाऱ्यापुढे पोराविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहायचे, हा मार्ग असून नसल्यासारखा आहे. मी तरी उभा राहणार नाही. म्हणून मी माझे घर कोणालाही बक्षीसपत्राने दिलेले नाही. मृत्युपत्र केले आहे, दोन साक्षीदारांसमोर, आणि नोंदणी सक्तीची नसतानाही नोंदवून ठेवले आहे. मृत्युपत्र मला मरेपर्यंत बदलता येते. मुलांना हे ठाऊक आहे आणि त्यामुळे ती माझ्याशी फार गोड वागतात, असा एक विनोद आमच्या घरात चालतो.

माजी चिटणीस

'सायंकाळ' यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. दोन-तीन नावांची सहमालकी कागदावर चांगली दिसते, पण कर्ज काढताना, भाड्याने देताना, पुनर्विकासाच्या करारावर प्रत्येक वेळी सगळ्यांच्या सह्या लागतात. आमच्याकडे पुनर्विकासात एका घराच्या पाच सहमालकांपैकी एकाची सही मिळेना म्हणून त्या कुटुंबाचा करार आठ महिने लोंबकळला होता. त्यापेक्षा तिन्ही भावंडांनी आपले हिस्से आईच्या नावे सोडावेत आणि आईने मृत्युपत्र करावे. सभासद एक, मालक एक.

कलमकसाई

हा मार्ग पुष्कळ कुटुंबे घेतात आणि तो वाईट नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा. आई पूर्ण मालक झाली की ती ते घर कोणालाही देऊ शकते आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलू शकते. आज 'तू ठरवशील ते मान्य' म्हणणारा भाऊ पंधरा वर्षांनी आईच्या शेवटच्या मृत्युपत्रावरून वाद घालणार नाही, याची हमी कोणी देत नाही. शिवाय थोरल्या भावाने भरलेले हप्ते या व्यवहारात कुठेच राहत नाहीत. ते आधी लिहून ठेवावे लागतील.

माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

थोरला (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण 'कलमकसाई' यांचा प्रश्न वाचून मी जरा गडबडलो.

होय, आजी आहे. वय ९१. गावी काकांकडे असते. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. माझ्या डोक्यात वारस म्हणजे आई आणि आम्ही तिघे, म्हणजे प्रत्येकी चतुर्थांश, एवढेच गणित होते. सोसायटीच्या वारसांच्या तक्त्यातही मी चारच नावे लिहिली होती. आजीला या घरात काही असू शकते हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. तिने हे घर आयुष्यात तीनदा पाहिले असेल.

बहिणीला पत्र लिहिले. 'माहेरवाशीण' यांनी सांगितल्याप्रमाणे आकड्यांसकट. तिचे उत्तर आले ते असे की, हिस्सा तिला नकोच आहे, पण तिच्या मुलीच्या शिक्षणाला पुढे गरज पडली तर मी मागे उभा राहीन हे मी लिहून द्यावे असे तिला वाटते. हे तिने मला आजवर कधी सांगितले नव्हते. पत्राच्या शेवटी माझ्या पत्नीसाठी वेगळे पान होते. ते मी वाचलेले नाही; पत्नीने ते कपाटात ठेवले आहे.

आजीचे काय करावे?

कलमकसाई

चारांऐवजी पाच समान हिस्से. मृताची आई ही विधवा, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबर पहिल्या वर्गातील वारस आहे. मृताचे वडील तसे नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात, ही कायद्यातली एक गंमत आहे. तुमच्या आजींचा या घरात आज एक पंचमांश हिस्सा आहे. सोसायटीकडे दिलेला चार नावांचा तक्ता आधी दुरुस्त करून द्या. हेतू नसला तरी वारस लपवला असा अर्थ त्यातून निघतो.

घाई का, तेही सांगतो. आजी मृत्युपत्राविना गेल्या, तर त्यांचा पाचवा हिस्सा कलम १५ प्रमाणे त्यांच्या मुलामुलींना आणि आधी गेलेल्या मुलाच्या मुलांना जाईल. समजा काका एक आणि आत्या दोन असतील, तर तुमच्या वडिलांची शाखा धरून त्या पंचमांशाचे चार भाग होतील. म्हणजे काका आणि आत्या प्रत्येकी विसाव्या हिश्श्याचे सहमालक, आणि तुम्हा तिघा भावंडांना मिळून एक विसांश. तुमच्या आईला त्यातले काही मिळणार नाही, कारण आजीच्या वारसांत सुनेचे नाव नाही. उद्या आत्यांपैकी कोणी गेल्या की त्यांची मुले. मग सह्या गोळा करायला तुम्हाला नव्हे, तुमच्या मुलांना हिंडावे लागेल.

आजींना हिस्सा सोडायचा असेल तर त्यांना शहरात आणण्याची गरज नाही. वृद्धापकाळामुळे कार्यालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीसाठी नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतात, नोंदणी अधिनियमात तशी सोय आहे. त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा, की त्यांना समजते आहे आणि त्या शुद्धीवर आहेत. दस्त त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्याचा उल्लेख त्यातच करा. आणि साक्षीदार म्हणून काकांनाच सही करू द्या. ज्याला पुढे हरकत घेता आली असती त्याचीच सही साक्षीदार म्हणून असली की भांडण बरेचसे तिथेच संपते.

माहेरवाशीण

वकीलसाहेबांच्या यादीच्या आधी माझी एक विनंती. ९१ वर्षांच्या बाईचा मुलगा गेला आहे. पहिल्यांदा जाल तेव्हा कागद नेऊ नका.

सायंकाळ

आणि आजींना हिस्सा ठेवायचा असेल तर? हा पर्याय कोणी मांडलाच नाही. काकांनी त्यांना इतकी वर्षे सांभाळले आहे. 'थोरला' यांच्या पत्नीचा जो मुद्दा आहे, तोच तिकडे काकूंचा असू शकतो.

थोरला (प्रश्नकर्ता)

हे माझ्या लक्षात आले नव्हते, आणि पत्नीच्या ते माझ्याआधी लक्षात आले. तिने काल संध्याकाळी काकूंना फोन केला. पाऊण तास दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण येत्या रविवारी आम्ही दोघे आणि आई गावी जात आहोत. कागद नेत नाही. सोसायटीला काल पाच नावांचा सुधारित तक्ता दिला आणि तात्पुरत्या सभासदत्वाच्या अर्जात वारसांचे हक्क अबाधित असल्याचे वाक्य घातले. चिटणीस म्हणाले, "आधीच सांगितले होते ना, कागद वाढवू नका." त्यांनी पोच मात्र दिली, तारखेच्या शिक्क्यासह.

हप्त्यांचा हिशेब भावानेच परदेशातून एका तक्त्यात मांडून पाठवला आहे. वडील गेल्यानंतरचे हप्ते पाचांत वाटायचे, आजीचा वाटा आम्ही तिघांनी उचलायचा, आणि त्याआधीच्या हप्त्यांचे तो निम्मे देऊ म्हणतो. निम्मे कशाच्या आधारावर, असे मी विचारले तर म्हणाला, आधार काही नाही. आईच्या हिश्श्याला हात लावायचा नाही, यावर आम्हा तिघांचे एकमत झाले आहे. तिला ते सांगायचे अजून बाकी आहे.